तार्द, आंबेडकर आणि उकंड्या वल्द सोन्या

मूर्तिजापूरच्या एका महाविद्यालयात मी समाजशास्त्र शिकवतो. दोन वर्षांपूर्वी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'भारतातील जाती' या निबंधावर टिपण लिहून आणायला सांगितले. टिपणे तपासताना असे दिसले की, बाबासाहेबांनी या निबंधात ज्या फ्रेंच विचारवंताचा आधार घेतला आहे त्याचे नाव एकाने 'टार्डे' लिहिले आहे, दुसऱ्याने 'टार्ड' आणि एका मुलीने 'तार्द'. मी तिन्ही रूपे फळ्यावर मांडली. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, टार्डे म्हंजे आपल्या तायड्यायपैकीच दिसते कोनी." वर्ग हसला. मीही हसलो. मग ती मुलगी उभी राहिली. "पन सर, याच्यातलं खरं नाव कोनतं? आन् हे तिघं एकच मानूस हाये हे कशावरून?"

प्रश्न साधा होता, पण मला चटकन उत्तर देता आले नाही. कारण नेमका हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी एका कार्यालयातील बाबूने मला विचारला होता. तो कोणा फ्रेंच पंडिताविषयी नव्हता. माझ्या आजोबांविषयी होता.

आधी तार्दविषयी सांगतो. गॅब्रिएल तार्द यांचा जन्म १८४३ साली फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील सार्ला या गावी झाला. आपल्या तालुक्याच्या ठिकाणासारखेच ते गाव. तेथेच त्यांनी कितीतरी वर्षे तपास न्यायाधीश म्हणून नोकरी केली. समोर येणारे चोर, मारेकरी आणि साक्षीदार पाहता पाहता ते एका विचारापाशी आले. माणसे एकमेकांचे अनुकरण करतात आणि या अनुकरणातून समाज नावाची गोष्ट उभी राहते, हा तो विचार. 'अनुकरणाचे नियम' हा त्यांचा ग्रंथ १८९० साली प्रसिद्ध झाला. १८९४ मध्ये ते पॅरिसला न्यायखात्याच्या गुन्हेविषयक आकडेवारीच्या विभागाचे प्रमुख म्हणून गेले आणि १९०० मध्ये कॉलेज द फ्रान्स या नामवंत संस्थेत आधुनिक तत्त्वज्ञानाच्या अध्यासनावर त्यांची नेमणूक झाली. १९०४ साली ते वारले. तालुक्याच्या कचेरीत बसून तत्त्वज्ञ झालेला हा माणूस मला त्यामुळेच जवळचा वाटतो.

त्यांच्या नावातही एक मौज आहे. त्यांचे घराणे जुने खानदानी. तिकडे अशा घराण्याच्या नावाआधी 'द' हे अक्षर लागते. ते अक्षर कुळाची प्रतिष्ठा सांगते, आपल्याकडे 'राव' किंवा 'पंत' सांगतात तशी. तार्द यांनी आपल्या पुस्तकांवर ते लावले नाही. नुसते 'ग. तार्द' एवढेच छापले. त्यांचे मुलगे मात्र 'द तार्द' असे लिहीत. म्हणजे एका घरातच नावाची दोन रूपे झाली, आणि त्यातले एक रूप मोठेपणाचे होते.

आता हे नाव आपल्यापर्यंत कसे पोचले ते पाहू. १९०३ साली एल्सी क्लूज पार्सन्स या अमेरिकन विदुषीने 'अनुकरणाचे नियम' इंग्रजीत आणले. त्याला कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँकलिन गिडिंग्ज यांची प्रस्तावना होती. दहा वर्षांनी, १९१३ मध्ये, बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन एक महार तरुण त्याच कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्याने जातींच्या उगमाविषयी निबंध वाचला. पुढल्या वर्षी, १९१७ च्या मे महिन्यात, तो 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात छापून आला. तेव्हा बाबासाहेब पंचवीस-सव्वीस वर्षांचे होते. माझ्या वर्गातील मुलांपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे.

फ्रेंच माणूस शेवटचा 'ए' उच्चारत नाही आणि त्याचा 'त' आपल्या 'त'सारखाच दातांवर येतो. म्हणून तो 'तार्द' म्हणतो. इंग्रजाचा 'टी' आपल्या कानाला 'ट' वाटतो, म्हणून 'टार्ड'. आणि आपण इंग्रजी अक्षरे डोळ्यांनी वाचून मराठीत उतरवतो, तेव्हा शेवटच्या 'ए'चा 'टार्डे' होतो आणि तो तायडे-वानखडे यांच्या पंगतीला येऊन बसतो. म्हणजे यातले कोणतेच रूप अडाणीपणाचे नाही. विलायतेहून माल आला की गाठीवर बंदराचा शिक्का असे. नावावरही तसाच शिक्का असतो. 'टार्डे' या रूपावर लिहिले आहे की, हा माणूस पॅरिसहून थेट वऱ्हाडात आला नाही, इंग्रजीच्या गोदीतून आला.

नाव कसेही लिहा, बाबासाहेबांनी त्यातून काढलेला अर्थ मोलाचा आहे. त्या निबंधात त्यांनी चार अभ्यासकांच्या व्याख्या तपासल्या. त्यांत फ्रेंच पंडित सेनार होते, नेसफील्ड आणि रिस्ले हे इंग्रज होते, आणि ज्यांचे शालेय शिक्षण अमरावतीत झाले ते श्रीधर व्यंकटेश केतकरही होते. या चौघांना बाजूला सारून बाबासाहेबांनी सांगितले की, जातीचे सार सजातीय विवाहात आहे. हे दार प्रथम एका वर्गाने स्वतःहून लावून घेतले. तो वर्ग पुरोहितांचा होता. मग बाकीच्यांनीही आपापली दारे का लावली? येथे त्यांनी तार्द यांना साक्षीला बोलावले. अनुकरण वरून खाली वाहते, आणि ज्यांचा रोजचा निकट संबंध येतो त्यांच्यात ते अधिक वेगाने होते. ज्यांनी अनुकरण केले त्यांची दारे बंद झाली आणि त्या बंद दारांमुळे उरलेले आपोआप बाहेर राहिले. जात मनूने हुकूम काढून निर्माण केली, हे मत बाबासाहेबांनी तेथे स्पष्टपणे नाकारले आहे. मनूच्या आधीपासून चालत आलेल्या गोष्टीला मनूने शास्त्राचा आधार दिला, एवढेच.

हा मुद्दा नावांना लावून पाहावा, असे मला त्या दिवशी वर्गात वाटले.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बळाचे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे नाव घृणा वाटेल असे असावे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला त्यात हेही एक पान होते. पण आमच्या खेड्यातल्या पाटलाने मनुस्मृती उघडूनही पाहिली नव्हती. तरी त्याच्या तोंडी आमच्या माणसांची नावे कचऱ्या, धोंड्या, उकंड्या अशीच होती. कशी? अनुकरणाने. वाड्यातला मोठा माणूस 'या' लावून हाक मारी, म्हणून त्याचा दहा वर्षांचा पोरगा साठ वर्षांच्या म्हाताऱ्याला तशीच हाक मारी. मग दुकानदार तसेच म्हणे, शिपाई तसेच म्हणे, आणि शेवटी आमच्याच वस्तीत भाऊ भावाला तसे म्हणू लागला. 'राव' आणि 'जी' वाड्याच्या उंबऱ्याच्या आत राहिले. खाली वाहत आला तो 'या'.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दगडू, धोंडू, कचरू, उकंडा ही नावे केवळ आमच्यातच होती असे नाही. ज्या घरात मुले जगत नसत त्या घरात, मग ते कोणत्याही जातीचे असो, मुलाला काळाची दृष्ट लागू नये म्हणून असे टाकाऊ वस्तूचे नाव ठेवत. आई मायेपोटी उकिरड्याचे नाव ठेवी. फरक पुढे पडे. एकाचा उकंडा मोठेपणी उकंडराव होई. दुसऱ्याचा उकंडा मरेपर्यंत उकंड्याच राही. मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचा फरक आहे. आमच्या बाबतीत समाजाने तेवढाही ठेवला नाही.

माझे आजोबा असेच उकंडा होते. त्यांच्या आधीची दोन भावंडे गेली होती.

आमच्या भागात गावातील जन्म-मृत्यूची नोंद 'कोतवाल बुका'त होत असे. ही जुनी बुके आज तहसील कचेरीच्या अभिलेखागारात लाल फडक्यात बांधून ठेवलेली असतात. घरोघरची खबर आणणारा कोतवाल बहुधा महारच असे. लिहिणारा हात मात्र दुसऱ्याचा असे. अनुसूचित जातीच्या माणसाला जातीचा दाखला आणि पुढे वैधता प्रमाणपत्र काढायचे तर १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आमच्या आजोबांनी शाळा पाहिली नव्हती, शेत नव्हते, म्हणून सातबारा नव्हता. राहिले कोतवाल बुक. त्याची नक्कल मी काढली. १९४७ सालची नोंद. त्यात लिहिले होते : उकंड्या वल्द सोन्या, महार, यास मुलगी.

दुसरा कागद माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराचा, १९६४ सालचा. त्यात वडिलांच्या नावापुढे 'उकंडा' आणि जातीच्या रकान्यात 'बौद्ध'. तिसरा कागद जुन्या मतदारयादीचा. त्यात 'उकंडाजी सोनाजी'. आडनाव तिन्हींत नव्हते.

बाबूने तिन्ही कागद टेबलावर पत्त्यांसारखे मांडले आणि म्हणाला, "सर, ही तीन माणसं आहेत. आणि एक महार, एक बौद्ध. कसं जुळवायचं?" तो उद्धट नव्हता. त्याच्या नियमाप्रमाणे तो बरोबरच बोलत होता. पण त्याच्या टेबलावर माझ्या घराण्याचा अख्खा इतिहास पडला होता आणि त्याला तो विसंगती म्हणून दिसत होता. १९४७ ते १९६४ या काळात 'या' गळून पडला, कारण मध्ये १९५६ चा ऑक्टोबर होता. १४ तारखेला नागपूरला जे झाले त्याने माझ्या आजोबांच्या जातीच्या रकान्यातील शब्द बदलला. आणि मतदारयादीतला 'जी' लागला तो प्रौढ मताधिकाराने. ज्याच्या दारात पाच वर्षांनी एकदा उमेदवार येतो त्याला 'जी' म्हणावे लागते. त्या तीन कागदांवर तीन माणसे नव्हती. एकच माणूस उभा राहत होता.

मी मुद्रांक कागदावर प्रतिज्ञापत्र केले. उकंड्या, उकंडा व उकंडाजी ही एकाच व्यक्तीची नावे असून तो माझा आजा होय, असे शपथेवर लिहून दिले. धर्मांतरित बौद्धांना केंद्राने अनुसूचित जातींत धरले ते १९९० साली, तोपर्यंत किती जणांना या दोन शब्दांमध्ये हेलपाटे पडले असतील, याचा विचार करीत मी बाहेर पडलो.

आता तार्दकडे परत येऊ. ग्रंथालयात एक साधी पद्धत असते. लेखकाचे नाव चार तऱ्हांनी लिहिले जात असेल तर एक रूप मुख्य ठरवतात आणि बाकीच्या रूपांच्या कार्डांवर एकच शब्द लिहितात : पाहा. टार्डे, पाहा तार्द. झाले. कोणी शपथ घेत नाही, कोणी शिक्का मागत नाही. फ्रेंच पंडिताची तीन नावे म्हणजे तीन माणसे आहेत, असा संशय जगातील कोणत्याही ग्रंथपालाला येत नाही. रने देकार्त हा दुसरा फ्रेंच तत्त्वज्ञ घ्या. तो लॅटिनमध्ये 'कार्टेसियस' होता, म्हणून त्याच्या विचाराला 'कार्टेशियन' म्हणतात. माझ्या विद्यार्थ्यांना हे दोन वेगळे गृहस्थ वाटतात. ज्ञानाच्या जगाने मात्र ही गाठ केव्हाच बांधून ठेवली आहे. थोरामोठ्यांच्या नावांसाठी 'पाहा' असते. आमच्या आजोबांच्या नावासाठी प्रतिज्ञापत्र असते. मला खटकते ते हे. नावाचे रूप बदलणे हा दोष नाही, ते सगळ्यांचेच बदलते. बदललेल्या रूपांमागचा माणूस एकच आहे हे गृहीत धरण्याचा मान कोणाला मिळतो आणि सिद्ध करण्याचे ओझे कोणावर पडते, हा खरा सामाजिक प्रश्न आहे.

खुद्द बाबासाहेबांच्या नावाचा प्रवास पाहा. वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगडजवळचे आंबवडे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात नोंद झाली ती 'भिवा रामजी आंबेडकर' अशी. गावावरून आंबवडेकर आणि त्याचे आंबेडकर झाले, त्यात एका शिक्षकाचा हात होता, ही हकिकत चरित्रांतून सांगितली जाते. महाराष्ट्र शासन आता ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. उत्तरेत हे नाव गेले तेव्हा 'आं'चा 'अं' झाला आणि 'भीमराव' मधून फुटून 'भीम राव' झाले, जणू राव हे आडनावच. मार्च २०१८ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने आदेश काढला की, सर्व कागदपत्रांत 'डॉ. भीमराव रामजी आंबेडकर' असे लिहावे. त्यामागे तेव्हाचे राज्यपाल राम नाईक यांचा आग्रह होता. 'आ' दुरुस्त झाला हे बरे झाले. पण 'रामजी' हे नाव आताच एवढे ठळक का, असा प्रश्न अनेक आंबेडकरवाद्यांनी विचारला. महाराष्ट्रात वडिलांचे नाव मधे लिहिण्याची रीत आहे, उत्तरेत ती तशी नाही. तिकडे त्याच शब्दाचा दुसराच अर्थ वाचला जाण्याचा धोका होता. एक अक्षर बरोबर लिहिले म्हणजे हेतूही बरोबर असतो असे नाही, हे यातून शिकावे.

आणखी एक तुलना करतो. देकार्त १५९६ साली ज्या खेड्यात जन्मला त्याचे नाव ला हे. १८०२ मध्ये गावकऱ्यांच्या गावाला 'ला हे-देकार्त' हे नाव मिळाले आणि १९६७ पासून ते नुसते 'देकार्त' झाले. तिकडे माणसाचे नाव गावाला लागले. आमच्याकडे गावाचे नाव माणसाला लागले, आणि जेव्हा त्या माणसाचे नाव एका विद्यापीठाला लावायचे ठरले तेव्हा काय झाले ते या पानांच्या वाचकांना सांगायला नको. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे मारले गेले. गौतम वाघमारे यांनी १९९३ मध्ये नांदेडला स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागले, तेही जुन्या नावाला जोडून. सोळा वर्षे. ज्यांना 'नावात काय आहे' असे म्हणायची सवय आहे त्यांनी ही सोळा वर्षे मोजावीत.

आमच्या गावाचेच नाव घ्या. 'मूर्तिजापूर' हे आज मूर्तीवरून आले असे कोणालाही वाटेल. पण ते 'मुर्तझा' या नावावरून आलेले आहे. उर्दूत ते मुर्तझापूरच. मराठी जिभेने त्याला मूर्ती दिली. रेल्वेच्या संक्षेपात मात्र तो जुना 'झ' अजून अडकून राहिला आहे : एम-झेड-आर. येथून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी शकुंतला आता बंद पडली, पण ते अक्षर गेले नाही. याच तालुक्यातल्या दापुरीला मामाच्या घरी एक मुलगा वाढला. त्याचे नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जगाने त्याला हातातल्या मडक्यावरून गाडगेबाबा म्हटले आणि त्यांनी ते मिरवले. टाकाऊ वस्तूचे नाव स्वतः पत्करणे आणि दुसऱ्याने लादणे यांत काय अंतर आहे, ते येथल्या माणसाला दुसऱ्या कोणी समजावण्याची गरज नाही.

तार्द म्हणतात की, समाजात अनुकरणाबरोबर आविष्कारही असतो. कोणीतरी नवे काही काढतो आणि मग ते पसरते. १९५६ नंतर आमच्या घरांत गौतम, सिद्धार्थ, राहुल, सुजाता, यशोधरा जन्माला आले. हा आविष्कार होता. ही नावे वाड्यातून खाली आली नव्हती. एका पिढीने अनुकरणाचा उगमच बदलून टाकला. हे करताना कोणी मोर्चा काढला नाही. पाळण्याजवळ बसून बायांनी ते केले. म्हणून इतिहासात त्याची नोंद कमी आहे.

पण आज माझ्या हजेरीपटावर काय दिसते? टीव्हीवरच्या मालिकांतली नावे पुन्हा आली आहेत. त्याला हरकत नाही, मुलाचे नाव आईबापांनी आवडीने ठेवावे. मला दुखते ते दुसरेच. एका हुशार मुलाने पुण्याला जाताना मला सांगितले, "सर, मी तिथं आडनाव नाही सांगत. रूम भेटत नाही." त्याला मी काय सांगणार होतो? आडनाव अभिमानाने सांग, असे मी म्हणालो, आणि म्हणताना मला ठाऊक होते की, रात्री बॅग घेऊन रस्त्यावर मी उभा राहणार नाही, तो राहणार आहे. नाव लपवावे लागणे हीही नोंदच आहे. ती कोणत्या रजिस्टरात होत नाही एवढेच.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मी पुढच्या तासाला दिले. 'तार्द' लिहा, कारण त्याचे लोक त्याला तसे म्हणतात. बाकीची दोन रूपे वहीत त्याच्या खाली लिहून ठेवा, कारण तो आपल्याकडे कोणत्या वाटेने आला ते त्यांतून कळते. मग सगळ्यांना एक काम दिले. आपापल्या आजा-आजीची नावे, ज्या ज्या कागदावर जशी जशी सापडतील तशी, तारखेसह लिहून आणा. खालच्या ओळीत त्यांना घरात काय म्हणत ते लिहा. कोणत्याही जातीच्या विद्यार्थ्याला यातून सूट नव्हती. महिनाभराने बेचाळीस वह्या आल्या. त्यांत 'या' पासून 'राव' पर्यंत सगळी शिडी होती, आणि कोण कोणत्या पायरीवर थांबला ते वर्गाने स्वतःच वाचले. कोणाला भाषण द्यावे लागले नाही.

कार्यकर्त्या मित्रांना माझी विनंती आहे की, हे काम आपापल्या तालुक्यात करावे. कोतवाल बुकांची पाने पिवळी पडून तुकडे होत आहेत. लोक ती दाखल्यापुरती पाहतात आणि फडके बांधून टाकतात. आमच्या पूर्वजांवर लिहिलेला तो बहुधा एकुलता एक ग्रंथ आहे. तो लिहिणारा आमचा नव्हता, पण वाचणारे आम्ही होऊ शकतो. त्या पानांवरील प्रत्येक 'या' पुढे आपणच 'पाहा' लिहिले पाहिजे.

माझ्या वहीत मी एक नोंद पुरी केली आहे. १९४७ च्या त्या ओळीत 'यास मुलगी' एवढेच आहे, मुलीचे नाव नाही. ती माझी मोठी आत्या. आयुष्यभर तिने दुसऱ्याच्या वावरात निंदण केले आणि वडिलांच्या शाळेची पाटी-पुस्तके तिच्या मजुरीतून आली. मी नक्कल घेऊन तिच्याकडे गेलो आणि तिला ती ओळ वाचून दाखवली. ती थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "लिवनाऱ्याले कोनी इचारलं नसन. तू लिव." मी तिच्यासमोरच लिहिले : भागीरथी.